पर्ल जॅम आणि माझी तीस वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टी-शर्टवरचं नाव किंवा दिवाणखान्यातलं पोस्टर बघून लोक हमखास काहीतरी विचारतात. भाचा विचारतो, ऑफिसातली नवी मुलं विचारतात, एकदा तर बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं. घाईत दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही. म्हणून ही उत्तरं सवडीने लिहून काढली आहेत.

हे पर्ल जॅम म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात १९९० मध्ये जमलेला रॉक बँड. एडी व्हेडर गातो, स्टोन गोसार्ड आणि माइक मॅकक्रेडी गिटार वाजवतात, जेफ अमेंट बेस वाजवतो. हे चौघं सुरुवातीपासून आजतागायत एकत्र आहेत. त्या काळातल्या सिअ‍ॅटलच्या बँडांचं पुढे काय झालं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना ही गोष्ट किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको.

बँड जमला तोच एका मृत्यूनंतर. गोसार्ड आणि अमेंट आधी मदर लव्ह बोन नावाच्या बँडमध्ये होते. त्यांचा गायक अँड्रू वुड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. पहिला अल्बम तयार होता आणि बाजारात यायचा होता. उरलेल्यांनी काही महिन्यांनी शब्द नसलेल्या चालींची एक कॅसेट भरली. ती जॅक आयर्न्स या ड्रमरमार्फत सॅन दिएगोला एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या मुलाकडे पोचली. तो एडी व्हेडर. रात्रभर त्या चाली डोक्यात घोळवत तो सकाळी समुद्रावर सर्फिंगला गेला, लाटांवर असतानाच त्याला शब्द सुचले. घरी येऊन त्याने तीन गाण्यांत एक सलग गोष्ट गाऊन कॅसेटवर भरली आणि टपालाने परत पाठवली. सिअ‍ॅटलला पोचल्यावर थोड्याच दिवसांत, २२ ऑक्टोबर १९९० ला, हे सगळे ऑफ रॅम्प नावाच्या क्लबात पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले.

तेव्हा बँडचं नाव मूकी ब्लेलॉक होतं, एका बास्केटबॉलपटूचं. नाव पुढे बदललं, पण त्याच्या बनियनवरचा दहा हा आकडा पहिल्या अल्बमचं नाव होऊन राहिला: 'टेन'.

तुम्हाला हा नाद कधी लागला?

१९९४ मध्ये. मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. डेक्कनवरच्या एका दुकानात 'टेन'ची कॅसेट दिसली आणि केवळ मुखपृष्ठ बघून घेतली. त्यावर बँडमधले सगळे जण हात उंच करून एकमेकांच्या हातात हात गुंफून उभे आहेत, मागे बँडच्या नावाची मोठाली लाकडी अक्षरं. ती अक्षरं जेफ अमेंटने स्वतः बनवली होती. रंग गुलाबीसर दिसतो. त्याच्या मनात गडद मरून होता, छापताना असा आला. हे सगळं मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, की ही माणसं एकमेकांची आहेत.

खोलीवर टेपरेकॉर्डर एकच होता आणि तो रूममेटचा. तो झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून, स्पीकरला कान लावून मी पहिली बाजू ऐकली. दुसरी बाजू ऐकायला दोन दिवस लागले, कारण मी पहिलीच परत परत लावत होतो.

हे ग्रंज की अल्टरनेटिव्ह?

रॉकच्या प्रकारांचे हे दोन्ही शिक्के दुसऱ्यांनी मारलेले आहेत. 'टेन' २७ ऑगस्ट १९९१ ला आला. महिन्याभराने निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि साऱ्या जगाची नजर सिअ‍ॅटलकडे वळली. पर्ल जॅमच्या संगीतात मात्र सत्तरच्या दशकातल्या मोठ्या रॉक बँडांचं रक्त जास्त आहे. लांब सोलो आहेत, संथ चढत जाणारी गाणी आहेत. यावरून निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने सुरुवातीला त्यांच्यावर जाहीर टीकाही केली होती. पुढे १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कारांच्या रात्री रंगमंचाखाली तो आणि व्हेडर एकमेकांना धरून संथ नाचले. मला तेवढं पुरेसं आहे.

नव्याने ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

'टेन'पासून करा, पण तिथे थांबू नका. बहुतेक लोक तिथेच थांबतात.

दुसरा अल्बम 'व्हर्सस' १९९३ चा. अमेरिकेत त्याच्या पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. एवढ्या यशानंतर कोणीही त्याच वाटेने पुढे गेलं असतं. यांनी उलट केलं. १९९२ मधल्या 'जेरेमी' या गाण्याच्या व्हिडिओने त्यांना घराघरांत नेलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी १९९८ पर्यंत नवा व्हिडिओच केला नाही. गाण्यापेक्षा चित्र मोठं होतंय, असं त्यांना वाटलं.

मग 'व्हायटॉलॉजी' ऐका. तो १९९४ मध्ये आधी ग्रामोफोन तबकडीवर आला आणि सीडी दोन आठवड्यांनी. त्याचं वेष्टण जुन्या वैद्यकाच्या पुस्तकासारखं आहे.

माझा सगळ्यात लाडका मात्र 'नो कोड', १९९६ चा. त्यात आरडाओरडा कमी आहे, श्वास जास्त आहे. पहिलं गाणं इतक्या हळू सुरू होतं की टेप बिघडली की काय असं वाटावं. तो खपला कमी आणि पुष्कळ चाहते तिथेच गळाले. माझ्या मते हा बँड खऱ्या अर्थाने स्वतःचा तिथे झाला. त्याची सीडी मिळाली तर हातात घेऊन बघाच. वेष्टण उलगडत गेलं की पोलरॉइड फोटोंचा चौकोन पसरतो: कुठे डोळा, कुठे पाय, कुठे नुसती जमीन. जरा लांब धरला की त्याच फोटोंतून त्रिकोणातला एक डोळा दिसू लागतो. आत पोलरॉइडसारखीच सुटी कार्डं आहेत आणि त्यांच्या पाठीवर गाण्यांचे शब्द. गंमत अशी की एका प्रतीत सगळी कार्डं नसतात. कोणाला कोणती मिळतील याचा नेम नाही. राहिलेल्या गाण्यांचे शब्द हवे असतील तर दुसरा चाहता गाठायचा आणि अदलाबदल करायची. माझ्याकडे नसलेली चार कार्डं मला ठाण्यातल्या एका मित्राने फोटोकॉपी करून दिली. त्या फोटोकॉप्या अजून सीडीच्या आत आहेत.

२०२४ चा 'डार्क मॅटर' हा बारावा अल्बम. मधले काही अल्बम मला आजही पूर्ण पटलेले नाहीत, पण प्रत्येकात दोन-तीन गाणी अशी आहेत की त्यांच्याशिवाय मला करमणार नाही.

एकच बँड तीस वर्षं ऐकायचा कंटाळा येत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील वर्षानुवर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जात. रमणबागेत सतरंजीवर थंडीत रात्र काढायची आणि शेवटी भीमसेन जोशींचं गाणं ऐकून उजाडताना घरी यायचं. "तोच राग परत कशाला ऐकायचा?" असं त्यांना कधी कोणी विचारलं नाही. राग तोच असला तरी त्या रात्रीचा गळा वेगळा, हवा वेगळी, समोरची माणसं वेगळी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रॉकमध्ये सहसा असं नसतं. बहुतेक मोठे बँड पूर्ण दौऱ्यात तीच वीस गाणी त्याच क्रमाने वाजवतात. पर्ल जॅम तसं करत नाहीत. रोज गाण्यांची नवी यादी, ती व्हेडर स्वतः हाताने लिहितो. कधी तिशीच्या पुढे गाणी होतात. काल ज्या गाण्याने सुरुवात केली ते आज शेवटी येईल किंवा येणारच नाही. एखादं गाणं वर्षानुवर्षं गायब असतं आणि मग कुठल्याशा आडगावी अचानक उगवतं.

जुलै २००३ मध्ये बोस्टनजवळच्या मॅन्सफिल्डला त्यांनी तीन रात्री केल्या, २, ३ आणि ११ तारखेला. तीन रात्रींत मिळून आपली जवळजवळ सगळी गाणी वाजवायची आणि एकही पुन्हा घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. शेवटचा निरोपाचा 'यलो लेडबेटर' तेवढा अपवाद. गाणी उरली म्हणून तिसऱ्या रात्री, कार्यक्रमाची सुरुवात करणाऱ्या दुसऱ्या बँडच्याही आधी येऊन त्यांनी साध्या गिटारींवर बारा गाणी म्हटली. त्या एका रात्रीत ४५ गाणी झाली.

आणि हे सगळं ऐकायला मिळतं. प्रेक्षकांनी ध्वनिमुद्रण करायला त्यांची हरकत नसे. पण चोरट्या प्रतींना लोक भारी किंमत मोजतात हे दिसल्यावर २००० मध्ये त्यांनी दौऱ्यातल्या मैफली स्वतःच विकायला काढल्या. युरोपच्या २५ मैफली एकाच दिवशी, मग अमेरिकेच्या, अशा एकूण ७२. साध्या पुठ्ठ्याचं पाकीट, त्यावर गावाचं नाव आणि तारीख, बास. माझ्याकडे त्यातल्या अकरा आहेत. 'ब्लॅक' हे गाणं मी त्या अकराही ठिकाणचं ओळखतो. शेवटी शब्दांविना येणारा भाग व्हेडर प्रत्येक वेळी वेगळा गातो. कधी विनवणी असते, कधी कुजबुज, एका ठिकाणी तर तो गातच नाही, समोरची माणसं गातात आणि तो ऐकत राहतो.

तेव्हा कंटाळा यायला मी तेच तेच कुठे ऐकतोय?

त्यांचे ड्रमर सारखे का बदलले?

डेव्ह क्रूसनने 'टेन'वर वाजवलं आणि व्यसनावरच्या उपचारांसाठी तो बाहेर पडला. मॅट चेंबरलेन काही आठवडेच होता. मग डेव्ह अब्रुझीझ, त्याला १९९४ मध्ये काढलं. त्यानंतर आला जॅक आयर्न्स, म्हणजे ती पहिली कॅसेट व्हेडरला देणारा. वर्तुळ पुरं व्हायचंच होतं. 'नो कोड'चा तो घरंगळता, आदिम ठेका त्याचाच. १९९८ पासून मॅट कॅमेरन, सिअ‍ॅटलच्याच साउंडगार्डन या बँडचा. तो २०२५ च्या जुलैमध्ये २७ वर्षांनी निघाला. त्या दिवशी मला खरंच घरातलं कोणी लांब राहायला गेल्यासारखं वाटलं.

२०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात क्रूसनला बोलावलं होतं आणि त्याने 'अलाइव्ह' वाजवलं. २६ वर्षांनी तो त्याच गाण्यावर त्याच माणसांमागे बसला होता.

तिकिटांवरून त्यांचं काय भांडण झालं होतं?

१९९४ मध्ये त्यांना तिकीट वीस डॉलरच्या आत ठेवायचं होतं आणि वरचा आकार दीड-दोन डॉलरपेक्षा जास्त नको होता. तिकिटं विकणारी टिकेटमास्टर ही कंपनी ऐकेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याकडे मक्तेदारीची तक्रार केली. ३० जून १९९४ ला गोसार्ड आणि अमेंट यांनी संसदीय समितीपुढे साक्ष दिली. वर्षभराने न्याय खात्याने चौकशी गुंडाळली. दरम्यान त्या कंपनीशी करार नसलेली मैदानं शोधत फिरण्यात बँडचा १९९५ चा दौरा विस्कटला. १९९८ मध्ये ते परत त्याच व्यवस्थेत आले.

ते हरले असं लोक म्हणतात. मला विचाराल तर, कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्या श्रोत्याच्या खिशातल्या दोन डॉलरसाठी स्वतःचा दौरा पणाला लावणारे कलाकार मी दुसरे बघितले नाहीत. आज तिकिटं खूप महाग झाली आहेत, त्यांचीसुद्धा, आणि याचं मला वाईट वाटतं.

रॉस्किल्डचं नाव निघालं की तुम्ही गप्प का होता?

डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० च्या रात्री पर्ल जॅम वाजवत असताना रंगमंचापुढच्या गर्दीत चिखलात माणसं घसरली, एकावर एक पडली. व्हेडर गाणं थांबवून सगळ्यांना मागे सरकायला सांगत राहिला. नऊ तरुण गेले.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. गेलेल्यांतले बहुतेक माझ्या वयाचे किंवा माझ्याहून लहान. मी तिथे असतो तर पुढेच उभा राहिलो असतो, रंगमंचाच्या कठड्याला चिकटून, हे मला पक्कं माहीत होतं. कितीतरी दिवस मी त्यांचं काही लावू शकलो नाही.

बँड तिथेच संपला असता. उरलेले युरोपातले कार्यक्रम रद्द झाले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत ते पुन्हा उभे राहिले. नंतरची कितीतरी वर्षं ते अशा महोत्सवांत वाजवायला गेले नाहीत. २००२ च्या 'रायट अ‍ॅक्ट' अल्बममधल्या एका गाण्यात त्या नऊ जणांची आठवण आहे. वर मी त्या पुठ्ठ्याच्या पाकिटांबद्दल लिहिलं. युरोपचा तो संच २९ जूनच्या ओस्लोपाशी संपतो. त्यापुढचं पाकीट नाही.

फॅन क्लबात पैसे भरून मिळतं काय?

त्यांच्या क्लबाचं नाव टेन क्लब. सभासद क्रमांक जितका जुना तितकी जागा पुढची. वशिला नाही, पैशाची बोली नाही, फक्त किती वर्षं टिकलात ते बघतात. मला हे फार आवडतं.

दुसरं म्हणजे नाताळची तबकडी. १९९१ पासून त्यांनी सभासदांसाठी छोटी तबकडी पाठवायला सुरुवात केली, दुकानात न मिळणारी. १९९८ च्या तबकडीवर 'लास्ट किस' हे एक जुनं गाणं होतं, सहज म्हणून वाजवलेलं. रेडिओवाल्यांनी ते उचललं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. मग कोसोव्होच्या निर्वासितांच्या मदतीसाठी ते विक्रीला काढलं, आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यांचं कुठलंच गाणं त्याहून वर गेलेलं नाही. चाहत्यांना दिलेली नाताळची भेट!

आपल्याकडच्या संगीताशी त्यांचा काही संबंध?

एक फार सुंदर संबंध आहे. १९९५ च्या 'डेड मॅन वॉकिंग' या चित्रपटासाठी एडी व्हेडर नुसरत फतेह अली खान यांच्याबरोबर दोन गाणी गायला. ज्यांना रॉक ऐकवत नाही अशा कव्वालीप्रेमी माणसांना मी आधी 'द लाँग रोड'च ऐकवतो. खानसाहेबांची तान वर जाते आणि व्हेडर खाली, अगदी आदबीने, आपला जाड आवाज धरून राहतो. मोठ्या गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य जसा सूर लावून बसतो, तसा. माझ्या आईला त्यांचं हे एकच गाणं आवडतं.

प्रत्यक्ष कधी ऐकलंत?

एकदाच. भारतात ते आले नाहीत, त्यामुळे आपल्यालाच जावं लागतं. २०२० चा युरोपचा दौरा करोनामुळे पुढे पुढे गेला आणि अखेर ८ जुलै २०२२ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये मी उभा होतो. बहीण तिकडे असते, म्हणून राहायची सोय झाली.

दुपारी पोचलो तर पोस्टरच्या टपरीपुढे ही मोठी रांग. त्यांच्या प्रत्येक मैफलीचं वेगळं पोस्टर निघतं आणि ते तिथेच घ्यायचं असतं. रांगेत माझ्यापुढे साठीच्या एक स्पॅनिश बाई होत्या. त्यांची ती एकविसावी मैफल. माझी पहिली आहे आणि मी पुण्याहून आलोय हे कळल्यावर त्यांनी मला धरून आपल्या पुढे उभं केलं. म्हणाल्या, पोस्टर संपलं तर माझ्या घरी आणखी वीस आहेत.

सूर्य मावळायला नऊ वाजून गेले. तोवर लख्ख उजेडातच गाणी चालू होती, त्यामुळे मला गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे जास्त दिसले. डोळे मिटलेले, ओठ हलणारे हजारो चेहरे. जे शब्द मी २८ वर्षं बंद खोलीत एकट्याने म्हटले होते, ते सगळ्यांना पाठ होते. मला हुंदका आवरला नाही आणि मी तो आवरलाही नाही.

तुमचं सगळ्यात जवळचं गाणं कोणतं?

'अलाइव्ह'. 'टेन'च्या पहिल्या बाजूचं तिसरं.

त्यातला मुलगा ज्याला बाप समजत होता तो त्याचा बाप नाही, आणि खरा बाप कधीच मेला, हे त्याला आई सांगते. हे व्हेडरच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेलं आहे. धृपदात तो म्हणतो की मी अजून जिवंत आहे. त्याने लिहिताना तो शाप म्हणून लिहिला होता: एवढं सगळं कळूनही मला जगावं लागतंय. पण मैफलींत हजारो लोक हात उंच करून ती ओळ आनंदाने गाऊ लागले. वर्षानुवर्षं ते ऐकून त्या ओळीचा अर्थच बदलला. श्रोत्यांनी माझ्यावरचा शाप उतरवला, असं त्याने २००६ मध्ये एका कार्यक्रमात सांगितलं.

माझं उलटं झालं. मी पहिल्यापासून त्या गर्दीतला, ती ओळ आनंदाने ओरडणारा. कडव्यांकडे माझं लक्षच नसे. माझे वडील २००१ च्या पावसाळ्यात गेले. तेरावा झाल्यावर नोकरीवर हजर व्हायला मी एसटीने मुंबईला निघालो. घाटात पाऊस होता, खिडकीची काच बंद होत नव्हती, उजवी बाही भिजत होती. वॉकमनमध्ये तीच कॅसेट. तिसरं गाणं लागलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी पहिलं कडवं ऐकलं. आई मुलाला जवळ बसवून बापाची बातमी सांगते ते.

खोपोलीला गाडी चहाला थांबली. मी उतरलो नाही. कॅसेट मागे घेतली आणि परत लावली.